गुडघा किंवा खुबा बदलल्यावर सीआरपी-ईएसआरचा रिपोर्ट हातात आला की पडणारे प्रश्न

मी कुडाळ भागात एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गुडघा बदललेली माणसं आमच्याकडे सारखी येतात, ऑपरेशन झालेलं असतं मुंबईला, कोल्हापूरला, बेळगावला नाहीतर गोव्यात, आणि नंतरचं रक्त मात्र इथे गावाजवळ द्यायचं असतं, मग सीआरपी आणि ईएसआर या सूज-इन्फेक्शनची चाहूल देणाऱ्या दोन रक्ततपासण्यांचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर सर्जनला जातो आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत घरातले सगळे त्या आकड्याकडे बघत बसतात. काउंटरवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र लिहिलेत. मी डॉक्टर नाही, कुठलं औषध घ्यायचं ते मी सांगणार नाही. काय घ्यायचं नाही आणि कधी घ्यायचं नाही एवढी एकच गोष्ट सांगणार आहे, ती खाली ज्या प्रश्नात माझ्या मावशीची गोष्ट आहे तिथे आहे, ती नीट वाचा.

ऑपरेशन हाडाचं झालं, मग रक्त कशाला तपासायचं?

बदललेला सांधा म्हणजे धातू आणि प्लास्टिक. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नाही. जंतू तिथे पोचले की ते धातूला चिकटतात आणि स्वतःभोवती एक बुळबुळीत थर करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात, विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरतं तसा, म्हणजे वरून कितीही पाणी ओता, घासल्याशिवाय जात नाही. त्या थराच्या आत अँटिबायोटिक नीट पोचत नाही, म्हणून थर पक्का व्हायच्या आत कळलं तर सांधा वाचवता येतो आणि उशीर झाला की बहुतेक वेळा तो काढावा लागतो. पहिल्यांदा गुडघा-खुबा बदलणाऱ्या १०० माणसांत साधारण १ ते २ जणांना असं इन्फेक्शन होतं. बाकीच्यांना काही होत नाही हे आधी मनात धरा, पण ज्याला होतं त्याचं आख्खं वर्ष त्यात जातं.

रक्तात आपण जंतू शोधत नसतो. शरीराने जंतूंविरुद्ध जी धावपळ सुरू केली असेल तिच्या खुणा शोधतो. भाजावळीच्या दिवसांत डोंगरापलीकडे धूर दिसला तर काहीतरी पेटलंय एवढंच कळतं, कोणी शेत भाजतंय की कोणाची गवताची उडवी पेटली ते जाऊनच बघावं लागतं. सीआरपी आणि ईएसआर हा तो धूर आहे.

सीआरपी म्हणजे नक्की काय?

सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. शरीरात कुठेही सूज, इजा किंवा इन्फेक्शन झालं की तिथून निघालेल्या संदेशामुळे लिव्हर हे प्रोटीन बनवायला लागतं, आणि तो संदेश मुख्यतः इंटरल्युकिन-६ या पदार्थाचा असतो. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना हे न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलं, न्यूमोनियाच्या जंतूमधल्या ‘सी’ नावाच्या घटकाशी ते जुळायचं म्हणून नाव तसं पडलं.

याचा फायदा म्हणजे ते चटकन वर जातं आणि चटकन खाली येतं. काही तासांत वाढायला लागतं, आणि मूळ कारण संपलं की साधारण दर १९ तासांनी निम्मं होत जातं. म्हणून आजचा सीआरपी आजचंच सांगतो. तोटा हाच की कशानेही वाढतं, गुडघाच कारण आहे असं ते सांगत नाही.

आणि ईएसआर? तो तर फार जुना टेस्ट आहे ना?

ईएसआर म्हणजे रक्तातल्या लाल पेशी किती वेगाने खाली बसतात ते. जुना आहे, पोलंडच्या बिएर्नात्स्की यांनी १८९७ मध्ये त्यावर लिहिलं आणि पुढे स्वीडनच्या फारेउस आणि वेस्टरग्रेन यांनी त्याला आजचं रूप दिलं. पद्धत इतकी साधी आहे की आमच्याकडे कोणी आलं आणि वेळ असला तर मी दाखवतो. काळ्या झाकणाच्या बाटलीत सोडियम सायट्रेटमध्ये घेतलेलं रक्त, ते एका बारीक उभ्या काचेच्या नळीत शून्याच्या रेघेपर्यंत भरायचं, नळी स्टँडला सरळ उभी करायची, घड्याळ लावायचं आणि एक तास तिला कोणी हात लावायचा नाही. तासाभराने लाल पेशी खाली बसलेल्या असतात आणि वर पिवळसर स्वच्छ प्लाझ्मा दिसतो, तो किती मिलिमीटर ते वाचायचं. झालं. सूज असली की रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रोटीन वाढतं आणि लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, चळत जड म्हणून भरभर खाली बसते, आकडा मोठा येतो.

पण नळी थोडी जरी तिरकी राहिली तरी आकडा खोटा मोठा येतो, रक्त घेऊन चारपाच तास टेबलावर पडून राहिलं तर खोटा लहान येऊ शकतो. ॲनिमिया असेल तर वाढतो, आणि आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन बघता ही गोष्ट छोटी नाहीये. वयाप्रमाणेही वाढतो. एक ढोबळ हिशोब आहे, पुरुषांचं वय भागिले २, बायकांच्या वयात आधी १० मिळवायचे आणि मग भागिले २. म्हणजे ६८ वर्षांच्या बाईला ३९ पर्यंत ईएसआर वयामुळेच असू शकतो, आणि रिपोर्टवर मात्र २० च्या पुढे सगळं ठळक अक्षरात छापून येतं आणि घरी रडारड सुरू होते.

ऑपरेशनला चारच दिवस झालेत आणि सीआरपी १५० आलाय. इन्फेक्शन झालं का?

नुसत्या या आकड्यावरून नाही. ऑपरेशन हीच शरीराला मोठी इजा आहे, हाड कापलंय, लिव्हरला संदेश जाणारच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीआरपी सगळ्यात वर असतो, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खुब्यापेक्षा जास्तच, शंभर-दीडशे-दोनशे काहीही येतो, मग उतरायला लागतो, आणि बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत, काहींचा सहा आठवड्यांपर्यंत पूर्वीच्या जागेवर येतो. ईएसआर त्यापेक्षा आळशी आहे, तो पाच-सात दिवसांनी वर पोचतो आणि उतरायला महिने घेतो, कुणाकुणाचा वर्षभर थोडा चढाच राहतो. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत ईएसआरवरून काही ठरवायला जाऊ नका.

इथे आकड्यापेक्षा दिशा बघायची. २०० वरून ९०, ९० वरून ३५, ३५ वरून ११ असं उतरत गेलं तर छान. ३५ वर येऊन पुन्हा ८० झालं, किंवा उतरायचं थांबून तिथेच अडकलं, तर त्याच दिवशी सर्जनला फोन करायचा, पुढच्या फॉलोअपची वाट बघायची नाही.

मग कितीच्या वर गेलं की घाबरायचं?

ऑपरेशनचा काळ मागे पडल्यावर, म्हणजे साधारण तीन महिन्यांनंतर, सीआरपी १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर आणि ईएसआर ३० च्या वर असेल तर सर्जन लोक पुढे तपास करतात. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत हीच सीआरपीची रेघ १०० ला धरलेली आहे, कारण वर लिहिलं तेच.

पण एक गोष्ट सगळ्यांनी समजून घ्यावी असं मला फार वाटतं. २०१८ मध्ये या इन्फेक्शनच्या निदानासाठी गुणांची एक पद्धत ठरवली गेली, ती बऱ्याच ठिकाणी वापरतात. तिच्यात सीआरपी किंवा डी-डायमर (रक्ताचीच आणखी एक तपासणी, तिच्याबद्दल खाली लिहिलंय) वाढलेला असेल तर २ गुण, ईएसआर वाढलेला असेल तर १ गुण. आणि इन्फेक्शन आहे असं म्हणायला ६ गुण लागतात. बेरीज करून बघा. रक्ताचे सगळे रिपोर्ट वाईट आले तरी ३ च्या वर गुण जातच नाहीत. उरलेले गुण सांध्यातल्या पाण्यातून आणि ऑपरेशनच्या वेळी घेतलेल्या नमुन्यातून येतात. म्हणजे रक्ताने शंका येते, खात्री होत नाही, आणि कोणी तुम्हाला फक्त सीआरपी बघून इन्फेक्शन झालंय असं सांगून मोकळं होत असेल किंवा फक्त सीआरपी बघून काही नाही जा घरी म्हणत असेल तर पुढचा प्रश्न विचारा की सांध्यातलं पाणी कधी तपासायचं.

दोन गोष्टी अशा आहेत की त्यात गुण मोजतच नाहीत, सरळ इन्फेक्शन धरतात. एक, जखमेजवळ छिद्र पडून ते आत सांध्यापर्यंत गेलंय आणि पू वाहतोय. दुसरी, दोन वेगवेगळ्या नमुन्यांत एकच जंतू वाढला. तेव्हा सीआरपी नॉर्मल असला तरी उपयोग नाही.

एका लॅबमध्ये १.२ आला, दुसरीत १२. कोण खोटं?

बहुतेक वेळा कोणीच नाही. एकाने मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये दिला, दुसऱ्याने मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. १ डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग, म्हणून १.२ आणि १२ एकच झाले. मागे एकाने गोव्यातला ४ आणि आमचा ३८ शेजारी ठेवून रात्री साडेदहाला मला फोन केला, सीआरपी दोन दिवसांत दसपट झाला म्हणून, माणूस मुंबईला जायला गाडी बघत होता. युनिट बघितलं तर गोव्याचा ४ डेसिलिटरचा होता, म्हणजे ४०, आणि आमचा ३८. उलट जरासा उतरलाच होता. तेव्हापासून मी रिपोर्टवर युनिटला पेनाने गोल करून देतो.

शक्य असेल तर सगळी तपासणी एकाच लॅबमध्ये करा. आमच्याकडेच करा असं म्हणत नाही, कुठेही करा पण एकीकडे करा.

रिपोर्टवर आकडा नाही, नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलंय.

ती लेटेक्सची टेस्ट आहे, काचेच्या पट्टीवर थेंब मिसळून गुठळ्या होतात का बघतात. साधारण ६ च्या वर गेलं की पॉझिटिव्ह दिसतं. तापाच्या पेशंटला ठीक आहे, सांधा बदललेल्याला नाही, कारण आपल्याला चढ-उतार बघायचाय आणि ‘पॉझिटिव्ह’ला चढ-उतार नसतो. रक्त देतानाच सांगा की आकड्यातला सीआरपी हवा. आणि हायसेन्सिटिव्ह सीआरपी नावाची जी टेस्ट पॅकेजमध्ये असते ती हार्टच्या धोक्यासाठी असते, अगदी लहान आकडे मोजायला, तिची इथे गरज नाही.

उपाशीपोटी यायचं का?

नाही. चहा-नाश्ता करून या. शुगर पण करायची असेल तर तेवढं विचारून घ्या.

पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत, मग इन्फेक्शन नाही ना?

यावर विसंबू नका. सांध्यातल्या जुनाट इन्फेक्शनमध्ये पांढऱ्या पेशींचा काउंट बऱ्याचदा नॉर्मलच असतो, तापसुद्धा नसतो.

पावसाळ्यात सीआरपी वाढला. गुडघ्यामुळे की दुसऱ्या कशामुळे?

हा प्रश्न आपल्या भागातला खास आहे. जून ते ऑक्टोबर आमच्याकडे लेप्टो, डेंग्यू, मलेरिया, चिकनगुनिया सगळं असतं आणि यातल्या कशानेही सीआरपी वाढू शकतो, लेप्टोमध्ये तर चांगलाच वाढतो. लघवीचं इन्फेक्शन, किडलेला दात, पायाला झालेली जखम, छातीत कफ, गाऊट, संधिवात, ही यादी मोठी आहे. चिकनगुनिया असेल तर सांधेही दुखतात, मग गोंधळ आणखी वाढतो. माझा अनुभव असा की लोक फक्त गुडघ्याबद्दल सांगतात आणि आठ दिवसांपूर्वी ताप येऊन गेला हे सांगायचं राहूनच जातं. सर्जन मुंबईत बसलेला असतो, त्याला तुमच्या घरामागे मळा आहे आणि तुम्ही लावणीला चिखलात उभे होता हे कळणार कसं? सांगा.

आणखी एक. पावसाळ्यात लेप्टो होऊ नये म्हणून आरोग्य खात्याकडून शेतात काम करणाऱ्यांना डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटतात. त्या घेऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही, लेप्टोने माणसं दगावतात. पण डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिकच आहे, आणि सांध्यातलं पाणी तपासायचं ठरलं असेल तर शेवटची गोळी कधी घेतली ते सर्जनला माहीत असायला हवं. लोकांच्या डोक्यात ती ‘सरकारी गोळी’ असते, औषध म्हणून ती मोजलीच जात नाही.

सीआरपी वाढलाय, गुडघा गरम आहे, सर्जनची अपॉइंटमेंट आठ दिवसांनी आहे. तोवर जवळच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक घेऊ का?

नको. हे पान मी मुळात या एका उत्तरासाठी लिहायला घेतलं.

माझ्या मावशीचा गुडघा शिमग्यानंतर मुंबईला बदलला. सगळं छान होतं, आंबे उतरवायच्या वेळी ती अंगणात काठीशिवाय फिरत होती. गणपतीत घरी माणसांची वर्दळ, सतत उभं राहणं, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. मी हात लावून बघितला तर दुसऱ्या गुडघ्यापेक्षा स्पष्ट गरम. ती म्हणाली, “माका काय एक जाला नाय, गुडघो जरा गरम लागता.” सीआरपी केला, ४८ आला. जवळच्या एका डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, चांगल्या मनानेच दिलं. पाच दिवसांनी सूज कमी, सीआरपी १४. तो रिपोर्ट मीच काढला होता आणि १४ बघून मीच तिला फोन करून सांगितलं की उतरलाय, आता काळजी नको. सर्जनला कोणी कळवलंच नाही, बरं वाटतंय तर कशाला त्रास द्यायचा म्हणून.

तीन आठवड्यांनी पुन्हा सूज, सीआरपी ६२. मुंबईला नेलं, सांध्यातलं पाणी काढलं, पेशी भरपूर, पण कल्चरमध्ये, म्हणजे नमुना लॅबमध्ये ठेवून जंतू वाढतो का बघतात त्यात, जंतू वाढलाच नाही, कारण मधे पुन्हा दोन-तीन गोळ्या घरात उरलेल्या म्हणून घेतल्या होत्या. मग अँटिबायोटिक पूर्ण बंद करून दोन आठवडे वाट बघायची आणि पुन्हा पाणी काढायचं. ते दोन आठवडे ती रात्रभर जागी असायची. दुसऱ्या वेळी स्टॅफिलोकॉकस निघाला. तोपर्यंत धातूवर थर पक्का झाला होता, आतून धुऊन सांधा वाचवायची वेळ निघून गेली होती, म्हणून सांधा काढून तिथे अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवला, सहा आठवडे शिरेतून आणि गोळ्यांनी औषध, आणि मग काही महिन्यांनी नवीन सांधा. आज ती चालते. पण पहिल्या दिवशीच्या ४८ वर कोणीतरी म्हटलं असतं की गोळी नको, आधी पाणी काढा, तर काय झालं असतं हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तर अँटिबायोटिकने सीआरपी उतरतो, वरवरचे जंतू मरतात, बायोफिल्मच्या आतले तसेच राहतात आणि कल्चर खोटं निगेटिव्ह येतं. म्हणून आधी नमुना आणि मग औषध. सर्जनच्या अपॉइंटमेंटला आठ दिवस असतील तर फोन करून ‘बदललेला गुडघा सुजलाय, गरम आहे, सीआरपी इतका आहे’ असं सांगा, हे वाक्य ऐकल्यावर आठ दिवस थांबा असं सहसा कोणी म्हणत नाही.

फक्त एक अपवाद आहे. थंडी वाजून मोठा ताप, धाप, बीपी कमी, असंबद्ध बडबड, लघवी कमी असं काही असेल तर वाट बघायची नाही, जे जवळचं मोठं हॉस्पिटल असेल तिथे लगेच जायचं. तिथे औषध ताबडतोब सुरू करावं लागतं, जमलं तर आधी ब्लड कल्चर आणि सांध्याचं पाणी घेऊन, आणि ते सुरू करायलाच हवं.

सांध्यातलं पाणी काढणं म्हणजे काय करतात? दुखतं का?

जाड सुई घालून सांध्यातला द्रव ओढून घेतात. थोडं दुखतं, दोन-चार मिनिटांचं काम. गुडघ्याचं सोपं असतं, खुबा खोल असल्यामुळे तिथे सोनोग्राफी किंवा एक्स-रे बघत बघत करतात. हे सगळ्या निर्जंतुक तयारीनेच करायचं असतं, ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा तशाच स्वच्छ जागी, कारण बदललेल्या सांध्यात बाहेरचा जंतू आत ढकलला जाऊ नये. कुठल्याही दवाखान्यात खुर्चीत बसवून “पाणी काढतो” असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा.

त्या पाण्यात बघायचं काय, तर पांढऱ्या पेशी किती आणि त्यातल्या न्यूट्रोफिल या प्रकारच्या किती टक्के. ऑपरेशनला बरेच दिवस झालेल्या सांध्यात ३,००० च्या वर पेशी आणि ८० टक्क्यांच्या वर न्यूट्रोफिल असतील तर इन्फेक्शनची बाजू जड होते. ऑपरेशनला सहा आठवडे झाले नसतील तर ही रेघ १०,००० पेशी आणि ९० टक्के अशी वर जाते. अल्फा-डिफेन्सिन नावाची एक टेस्टही त्याच पाण्यावर होते, चांगली आहे पण महाग आहे आणि आपल्या भागात नमुना बाहेरच पाठवावा लागतो. आणि कल्चर, ते १४ दिवसांपर्यंत ठेवायला सांगतात, कारण काही जंतू फार सावकाश वाढतात. दोन दिवसांनी ‘नो ग्रोथ’ आलं म्हणून फाईल बंद करू नका, तो शेवटचा रिपोर्ट नसतो.

आमच्यासारख्या ठिकाणची खरी अडचण नमुना पोचण्याची आहे. पेशी मोजायचा नमुना जांभळ्या झाकणाच्या बाटलीत लागतो, कल्चरचा शक्यतो ब्लड कल्चरच्या बाटलीत, आणि दोन्ही लवकर लॅबला पोचायला हवेत. घाटात रस्ता बंद, एसटी उशिरा, या गोष्टी जंतूला माहीत नसतात. म्हणून जिथे पाणी काढतात तिथेच तपासायची सोय असेल अशा ठिकाणी जाणं मला बरं वाटतं, मग ते दोन तास लांब असलं तरी.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण सहा महिने झाले तरी गुडघा दुखतोच.

नॉर्मल रिपोर्टने इन्फेक्शन पूर्ण नाकारता येत नाही. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस किंवा क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस असे काही जंतू आपल्या कातडीवरच राहतात, ते सांध्यात गेले तर धुमसत राहतात, फार गाजावाजा करत नाहीत, लिव्हरला मोठा संदेशच जात नाही आणि सीआरपी ५-६ वर राहतो. अशा वेळी माणूस सांगतो ते महत्त्वाचं. रात्री आराम करतानाही दुखतं का, ऑपरेशननंतर एक दिवसही पूर्ण बरं वाटलं नाही असं आहे का, जखम सुरुवातीला बरेच दिवस पाझरत होती का. हे असेल तर सर्जनला स्पष्ट सांगा आणि सांध्याच्या पाण्याचा विषय काढा. दुखण्याची दुसरीही कारणं असतात, सांधा सैल होणं, पाठीतून येणारी कळ, त्यामुळे प्रत्येक दुखणारा गुडघा इन्फेक्शनचा असतो असंही नाही.

संधिवाताच्या गोळ्या चालू आहेत. रिपोर्टवर फरक पडतो का?

पडतो, दोन्ही बाजूंनी. संधिवातामुळे सीआरपी आणि ईएसआर मुळातच चढलेले असतात. उलट स्टिरॉइडने ते दबतात, आणि टोसिलिझुमॅब नावाचं इंजेक्शन घेणाऱ्यांचा तर इंटरल्युकिन-६ चा संदेशच अडवला जातो, म्हणजे आत इन्फेक्शन असूनही सीआरपी नॉर्मल दिसू शकतो. लिव्हर फार खराब असेल तरीही सीआरपी पुरेसा बनत नाही. अशा पेशंटनी ऑपरेशनच्या आधीचा आकडा जपून ठेवावा, नंतर तुलना करायला दुसरं काही नसतं.

डी-डायमर, प्रोकॅल्सिटोनिन, इंटरल्युकिन-६ पण करून घेऊ का?

स्वतःहून नको. डी-डायमर हा रक्ताच्या गुठळ्या विरघळल्यावर वाढतो, सांध्याच्या इन्फेक्शनसाठी ८६० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही रेघ सुचवली गेली, पण तो ऑपरेशनने, वयाने, पायातल्या गुठळीने, बऱ्याच गोष्टींनी वाढतो, आणि नंतरच्या अनुभवात तो सीआरपीपेक्षा फार सरस ठरला नाही. शिवाय दोन प्रकारच्या युनिटमध्ये येतो आणि दोन्हींत जवळजवळ दुपटीचा फरक असतो. प्रोकॅल्सिटोनिन रक्तात पसरलेल्या इन्फेक्शनला चांगला, एका सांध्यात दडलेल्याला तेवढा नाही. इंटरल्युकिन-६ ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांतच खाली येतो म्हणून कामाचा आहे, पण महाग. आधी सीआरपी आणि ईएसआर नीट करा, तेवढेच पैसे सांध्याच्या पाण्याच्या तपासणीला ठेवा.

वर्षं झाली ऑपरेशनला, आता तर धोका नाही ना?

कमी होतो, संपत नाही. दात, लघवी, कातडी कुठलंही इन्फेक्शन रक्तातून बदललेल्या सांध्यापर्यंत जाऊ शकतं, अगदी दहा वर्षांनीही. लावणीच्या वेळी अनवाणी चिखलात उतरणं, बोटांच्या बेचक्यांत फुटलेले चिखल्याचे चिरे, कालवं काढताना कापलेला पाय, हे तुमच्यासाठी आता किरकोळ नाही. शुगर असेल तर जास्तच.

इन्फेक्शनवर उपचार झाले, आता सीआरपी नॉर्मल आला. म्हणजे बरं झालं?

चांगली खूण आहे, पण नवीन सांधा बसवण्याआधी इन्फेक्शन नक्की गेलंय असं छातीठोकपणे सांगणारा कुठलाच एक आकडा नाही. सर्जन चढ-उतार, जखम, औषध बंद केल्यानंतरची तब्येत सगळं मिळून बघतात. म्हणून ते “अजून थोडं थांबू” म्हणाले तर चिडू नका.

सर्जनला रिपोर्ट पाठवताना काय काय पाठवायचं?

तारीख, आकडा, युनिट, लॅब, आणि त्या आठवड्यात काय औषध घेतलं, ताप आला का. रिपोर्टचा फोटो सरळ आणि पूर्ण काढा, युनिटचा रकाना कापला जातो नेहमी. गुडघा लाल दिसत असेल तर दोन्ही गुडघे शेजारी ठेवून दिवसाउजेडी फोटो काढा. आमच्याकडे वेंगुर्ल्याचे एक काका येतात, ते कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेन्सिलीने हे सगळं लिहितात, तारखेखाली तारीख, १८०, ७२, २६, ९, शेवटी ६, आणि एका ओळीत ‘दाढ काढली, पाच दिवस गोळ्या’. त्यांच्या सर्जनने मुंबईत फाईल उघडायच्या आधी तेच पान मागून घेतलं होतं.